चौऱ्याहत्तर नंबरचा चेंडू

१

दर सोमवारी सकाळी चेंडूंची तपासणी करायची, हा टिव्होली बिंगोचा शिरस्ता होता. यंत्राचं सील तोडायचं, एकेक चेंडू काढून ट्रेमधल्या आपापल्या खाचेत बसवायचा, नव्वदच्या नव्वद खाचा भरल्या की दोघांनी सह्या ठोकायच्या आणि चहाला मोकळं व्हायचं. नेरिस बेबचे हात या कामाला इतके सरावले होते की ते चेंडू बसवत आणि तिचं तोंड गावभरच्या गप्पा मारत असे. त्या सोमवारी मात्र तोंड मध्येच थांबलं. यंत्र रिकामं झालं होतं आणि ट्रेमध्ये एक खाच अजून उघडी होती.

चौऱ्याहत्तर.

समोर डिलविन रॉसर बसला होता. टिव्होलीत आकडे पुकारायचे ते त्यानेच. खाण बंद पडल्यावर खोऱ्यातल्या बाकीच्या माणसांनी काय काय उद्योग केले, पण डिलविनकडे देवाने दिलेला एक आवाज होता आणि तो त्याने इथे लावला. त्याने यंत्राखाली पाहिलं, नळीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, शेवटी गुडघ्यांवर बसून रंगमंचाच्या फळ्यांच्या फटीही तपासल्या. एके काळी इथे सिनेमा दाखवत, त्यामुळे फटींना तोटा नव्हता.

"गेला असेल घरंगळून," तो म्हणाला.

"सील लावलेल्या यंत्रातून?"

तो उठून गुडघ्यांवरची धूळ झटकू लागला.

सील बुधवारी लागलं होतं, म्हणजे बुधवारपासून टिव्होलीत जेवढे खेळ झाले, ते सगळे एकोणनव्वद चेंडूंवर झाले होते. इतक्या दिवसांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही असं कोणी विचारेल, तर खेळणाऱ्याला आपला आकडा आला नाही एवढंच कळतं. कुठला आकडा मुळातच नाही, हे कोण बघत बसतं? पण कंपनीच्या लेखी हा गुन्हा होता. मॅनेजरची जागा कित्येक महिने रिकामी होती आणि सगळा भार उपमॅनेजर म्हणून नेरिसच्या डोक्यावर होता. तिने ब्रिस्टलला कंपनीच्या मुख्य कचेरीत पार्जेटरसाहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. कुठला आकडा ते कोणालाही कळू द्यायचं नाही, आणि मी येईपर्यंत डिलविनचं आकडे पुकारायच्या परवान्याचं कार्ड काढून घेऊन टेबलावर ठेवायचं.

ज्याच्या कार्डावर चेंडूंच्या लबाडीचा डाग लागला, त्याला देशातला कुठलाही हॉल माईकसमोर उभा करत नाही. डिलविनलाही हे ठाऊक होतं. त्याने न सांगताच कार्ड खिशातून काढून तिच्यासमोर ठेवलं.

२

पार्जेटरसाहेब ब्रिस्टलहून नदीवरचा पूल ओलांडून आले तेव्हा त्यांच्या हातात चेंडूंची कोरी पेटी होती आणि चेहऱ्यावर निकाल तयार होता. माणूस वाईट नव्हता. ऐन तारुण्यात कार्डिफच्या एका हॉलमध्ये त्यांनी स्वतः तिकिटांची पुस्तकं विकली होती. त्यामुळे त्यांना फसवणं सोपं नव्हतं, पण पटवणंही फार अवघड नव्हतं.

"चेंडू काढला, म्हणजे कोणाला तरी जिंकवायचं होतं," ते म्हणाले. "बुधवारपासून डिलविनच्या घरचं कोण खेळायला आलं?"

"डिलविनच्या बायकोला बिंगोचा वीट आहे, साहेब. ती चॅपलमध्ये ऑर्गन वाजवते."

"मग मित्र, शेजारी, कोणीतरी."

नेरिसने खणातून तिकिटांची एक पट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. टिव्होलीत सुटं तिकीट कोणी घेत नाही, सगळ्यांची सहाची पट्टी. आणि पट्टी छापतानाच अशी छापतात की सहा तिकिटांत मिळून एक ते नव्वद प्रत्येक आकडा एकदाच येतो.

"म्हणजे चौऱ्याहत्तर प्रत्येकीच्या पट्टीत आहेच," नेरिस म्हणाली. "प्रत्येकीचं एक तिकीट मेलं, पाच जिवंत राहिली. नुकसान सगळ्यांचं सारखं. मग फायदा झाला कोणाचा?"

साहेबांनी पट्टी हातात घेऊन खालीवर केली आणि नाक खाजवलं. "खरंय. कोणाचाच नाही." पण हातातला निकाल इतक्या सहजी कोण सोडतं? फायद्यासाठी नसेल तर खोडसाळपणाने असेल, ते म्हणाले. हॉलबाहेर चेंडू नेणाऱ्याची नोकरी जाते, कारण काहीही असो, हा नियम. आणि चोर सापडला नाही तर चेंडू ज्याच्या ताब्यात, तो जबाबदार, हाही नियमच. दोनच्या खेळाआधी मला नाव हवं, नाहीतर मी डिलविनचं लिहून मोकळा होईन.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं नेरिसच्या मनात आलं. आपल्याला हे काम शिकवलं त्या माणसाला आपणच बाहेरचा रस्ता दाखवायचा, हे तिला मुळीच पटेना. चेंडू केव्हा गेला असेल, एवढं आधी ठरवायला हवं होतं.

झालं होतं ते असं. पंधरवड्यापूर्वी चेंडूंचा नवा संच आला आणि जुना, पिवळट पडलेला संच टाकून द्यायचा म्हणून रंगमंचामागच्या कपाटात जाऊन पडला. पण गेल्या मंगळवारी नव्या चेंडूंवरची शाई सुटायला लागली आणि अडुसष्टचा साठ दिसायला लागला. तेव्हा डिलविनने माईकवरूनच जाहीर केलं, की उद्यापासून आपले जुने चेंडू परत, जुनं ते सोनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ आटोपल्यावर त्याने आणि दारावरच्या आयवरने जुना संच ट्रेमध्ये लावून पाहिला, तेव्हा नव्वदही खाचा भरलेल्या होत्या. झाकण लावून ट्रे पुन्हा कपाटात गेला. बुधवारी दुपारी डिलविनने तो आणून झाकणाची फट उघडली, चेंडू यंत्रात ओतले आणि सील लावलं.

"झाकण काढून बघितलं नाहीस?" नेरिसने त्याला सकाळीच विचारलं होतं.

"आदल्या रात्री तर लावले होते. परत काय बघायचं?"

माणसाचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. सील सोमवारपर्यंत जसंच्या तसं होतं, म्हणजे चेंडू ओतण्याआधीच गेला. रात्री कपाटाला कुलूप होतं, आणि बुधवारी सकाळी रंगमंचामागे जाऊ शकणारी माणसं होती डिलविन, आयवर, पुस्तकं विकणारी रिआनन आणि चहाच्या काउंटरवरची काइनवेन.

पार्जेटरसाहेब बोटं मुडपत होते. चार झाली तरी ते थांबले नाहीत. अंगठाही मुडपून ते म्हणाले, "आणि तू."

३

आयवर बॉयलरच्या खोलीत पाइप ओढत बसला होता. त्याच्याबद्दल संशय घ्यायला जागा होती. डिलविनच्या जागी आपल्या भाच्याची वर्णी लागावी म्हणून त्याने मागे बराच आटापिटा केला होता, आणि ते जमलं नाही याचा सल त्याने कधी लपवलाही नव्हता. नेरिसने आडवळणाने विचारायला सुरुवात केली तेव्हा त्याने पाइप तोंडातून काढला.

"पोरी, मला डिलविनचं वाईटच करायचं असतं तर मी त्याचा माईक बिघडवला असता. चेंडू गेला तर बदनामी सगळ्या हॉलची. हॉल बंद पडला तर भाचा काय रस्त्यावर आकडे पुकारणार?"

मुद्दा बिनतोड होता. कपाटाबद्दल त्याने सांगितलं ते नेरिसलाही माहीत होतंच. मंगळवारी रात्री खालच्या फळीवर दोन्ही ट्रे शेजारी शेजारी ठेवलेले होते, नवा संच ब्रिस्टलला परत जायचा म्हणून आणि जुना दुसऱ्या दिवशी लागणार म्हणून. वरच्या फळ्यांवर चहाच्या कपांची खोकी आणि तिकिटांवर ठसे मारायच्या जाड पेनांची खोकी. त्यामुळे कपाटाला दिवसा कुलूप नसायचं. सकाळी कपांसाठी काइनवेन ते उघडायची, पेनांसाठी रिआनन. याहून जास्त त्याने काही पाहिलं नव्हतं.

काइनवेन काउंटरमागे कांदा चिरत होती. खोऱ्यात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. चेंडूंचं नाव काढताच ती म्हणाली, की मी ब्रेड मोजते, चेंडू मोजायला तुम्ही आहात की एवढे सगळे. डिलविनवर बालंट आलंय हे ऐकून मात्र तिला खरोखर राग आला. डिलविन आणि चोरी, त्या ब्रिस्टलवाल्याच्या डोक्यात कांदे भरलेत का?

मग बोलणं साहजिकच मॉर्विथवर आलं, कारण त्या आठवड्यात टिव्होलीत दुसरा विषयच नव्हता. मॉर्विथ पास्क ही टिव्होलीची सगळ्यांत जुनी खेळणारी. गेल्याच्या आदल्या शनिवारी ती वारली आणि गेल्या गुरुवारी तिला टेकडीवर पुरलं. हॉलचा निम्मा स्टाफ चॅपलला गेला होता, काइनवेन गेली नव्हती.

"ब्रेडचे रोल कोण भरणार होतं? तू?" तिने नेरिसलाच विचारलं.

काइनवेन आणि मॉर्विथमधून विस्तव जात नव्हता, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. एके काळी दोघी एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसून खेळायच्या, एकीचं पेन संपलं तर दुसरीचं वापरायच्या. मग काइनवेनचा नवरा आजारी पडला आणि तिने इथे चहाच्या काउंटरवर नोकरी धरली. स्टाफने आपल्याच हॉलमध्ये खेळायचं नाही, हा नियम. तिचा खेळ बंद झाला. बिंगोत ज्याची त्याची खुर्ची ठरलेली असते आणि ती घर सोडावं तशीच सुटते. पण काइनवेनची खुर्ची थंडही झाली नव्हती, तोवर मॉर्विथने तिथे पेगी टॅनरला बसवलं. काइनवेनने काउंटरवरून ते पाहिलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. आठ वर्षं मॉर्विथने चहा मागवला तो दुसऱ्या कोणाच्या हातून.

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये," काइनवेन म्हणाली आणि लगेच बोलू लागली. "पण जन्मभर त्या डिलविनच्या नावाने खडे फोडले तिने. काय तर म्हणे माझा आकडा अडवून ठेवलाय. आणि आता पाठवणी बघ कशी झाली. त्या मोहरीच्या रंगाच्या स्वेटरमध्ये पुरलं तिला, खिसा हा असा लोंबलेला. पोटच्या पोरीला एवढं कळू नये? निळा सूट होता की तिच्याकडे."

तिने पुढचा कांदा घेतला. नेरिसने घड्याळाकडे पाहिलं आणि ती रिकाम्या हाताने परत फिरली.

४

ऑफिसात येऊन नेरिस त्या उघड्या खाचेकडे बघत बसली. पट्टीचा हिशेब तिनेच साहेबांना सांगितला होता, पण त्याच्या पुढे विचार करायला ती विसरली होती. चेंडू यंत्रात नसल्याने कोणाचाच फायदा नव्हता. मग तो यंत्रात नसावा म्हणून तो कोणी काढलेलाच नव्हता. ज्याने घेतला त्याला तो चेंडूच हवा होता. नव्वदांतून नेमका चौऱ्याहत्तर हवा होता.

आता चौऱ्याहत्तर कोणाला हवा असेल?

प्रश्न मनात पुरा व्हायच्या आत उत्तर आलं आणि आपण सकाळपासून काय झोपलो होतो का, असं तिला वाटलं. फार वर्षांपूर्वी मॉर्विथ मोठ्या बक्षिसाच्या खेळात एकाच आकड्यासाठी अडली होती, आणि तो आकडा चौऱ्याहत्तर होता. डिलविनने त्र्याहत्तर पुकारला आणि पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी आपलं तिकीट भरलं म्हणून 'हाऊस' ओरडलं. तेव्हापासून येताजाता मॉर्विथ डिलविनला ऐकवायची, की चौऱ्याहत्तर माझा राहिलाय तुझ्याकडे. बक्षिसापेक्षा तिला ती तक्रारच जास्त प्यारी झाली होती. हॉलमध्ये सगळ्यांना ती पाठ होती.

बुधवारी चेंडू गेला. गुरुवारी मॉर्विथला पुरलं. आणि पुस्तकं विकणारी रिआनन ही मॉर्विथची सख्खी नात.

नेरिसने तिला आत बोलावून दार लावून घेतलं. रिआननचे डोळे अजून सुजलेले होते. नेरिसला विचारणं जिवावर आलं, पण तिने विचारलं.

"आजीच्या शवपेटीत चेंडू ठेवलास का गं? चौऱ्याहत्तर?"

रिआननला हसू आलं आणि हसता हसता रडूही.

"चौऱ्याहत्तर गेलाय होय? मी नाही ठेवला. मला सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं." तिने नाक पुसलं. "आणि सुचलं असतं तरी जुन्यातला कशाला घेतला असता? नवा संच शेजारीच होता, परत जायचा. त्यातला एक गेला असता तर कोण विचारणार होतं? उद्या खेळायला लागणार त्यातला चेंडू कोण उचलेल?"

नेरिसच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं. मंगळवारी डिलविनने माईकवरून सांगितलं, तेव्हा जुने चेंडू परत येणार हे हॉलमध्ये हजर असलेल्या प्रत्येकाला कळलं. ज्याला कळलं तो जुन्याला हात लावणार नाही, शेजारचा नवा घेईल. ज्याने जुना घेतला, त्याच्या लेखी जुने चेंडू कचऱ्यात जायचे होते. त्याने ते जाहीर झालेलं ऐकलंच नव्हतं. आणि चौघांपैकी मंगळवारी सुट्टी कोणाची असते, हे ड्यूट्या लावणाऱ्या नेरिसला वेगळं बघावं लागत नव्हतं.

पण ते नाव तिच्या घशाखाली उतरेना. ज्या बाईशी आठ वर्षं अबोला, तिच्यासाठी?

"पेटीत तुम्ही काय काय ठेवलंत?" तिने विचारलं.

"तिचं ठसे मारायचं पेन ठेवलं," रिआनन म्हणाली. "बाकी काही नाही. कपड्यांचाच घोळ झाला. आईने निळा सूट नेला होता, पण आजी इतकी वाळली होती की तो अंगावर राहीना. मग बुधवारी संध्याकाळी तो मोहरीच्या रंगाचा स्वेटरच घातला. लोक काय म्हणतील म्हणून आईने झाकण बंदच ठेवायला लावलं. चॅपलमध्ये कोणी तिला पाहिलंच नाही."

"कोणीच नाही?"

"आई आणि मी. आणि तो जेंकिन, पेटीवाला. त्याच्याकडेच ठेवलं होतं तिला."

काइनवेन चॅपलला गेलीच नव्हती, आणि मघाशी तिने त्या स्वेटरचा लोंबलेला खिसासुद्धा वर्णून सांगितला होता.

५

काउंटरवर आता रोल रचून झाले होते आणि मोठ्या भांड्यात चहाचं पाणी उकळत होतं. बाहेर दारापाशी बायकांची रांग लागल्याचा आवाज येत होता. नेरिसने काउंटरच्या आत जाऊन पडदा ओढून घेतला.

"काइनवेन, एक सांग. आपण हल्ली कुठल्या चेंडूंनी खेळतोय?"

"हे काय विचारणं झालं? त्या नव्यांनी. जुने कपाटात पडलेत की, टाकायचे म्हणून."

"मंगळवारी नव्यांची शाई सुटली. बुधवारपासून जुनेच लावलेत. डिलविनने माईकवरून सांगितलं, पण मंगळवार तुझ्या सुट्टीचा." नेरिस थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं. "हरवलाय तो जुन्यातला आहे. चौऱ्याहत्तर."

काइनवेनने हातातलं फडकं खाली ठेवलं, परत उचललं आणि पुसलेलाच ओटा पुसायला घेतला. बराच वेळ ती तेवढीच जागा पुसत राहिली.

मग तिने सांगितलं. बुधवारी सकाळी कप काढायला कपाट उघडलं, तर खाली जुना ट्रे दिसला. झाकण सरकवून तिने आकडा शोधला. कचऱ्यातली वस्तू, चोरी कसली? संध्याकाळी काम सुटल्यावर ती जेंकिनच्या मागच्या दाराने गेली. जेंकिन तिचा मावसभाऊ, त्याने न विचारता आत सोडलं. मॉर्विथच्या घरची माणसं नुकतीच गेली होती आणि झाकणाचे स्क्रू लागायचे होते.

"गुरुवारी का नाही आलीस मग?"

"सगळ्यांच्या देखत?" काइनवेन म्हणाली. "अख्खं गाव बघत बसलं असतं मी रडते की नाही ते."

नेरिसने उकळत्या पाण्याखालची आच कमी केली.

"तिच्या त्या लोंबत्या खिशात ठेवला," काइनवेन म्हणाली. "आणि म्हटलं, घे बाई, आला एकदाचा. आता तरी गप्प बस." तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. "आठ वर्षं काय काय ऐकवायचं ठरवून ठेवलं होतं तिला. तिथे गेल्यावर एवढंच आलं तोंडात."

नेरिसला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण काइनवेनला जवळ घेण्याची खोऱ्यात कोणाची हिंमत नव्हती. तिच्या मनात एक पळवाटही आली. चेंडू ओतताना फुटला आणि केरात गेला, असं साहेबांना सांगून टाकावं. पण फुटला तरी तो डिलविनच्या हातून फुटला असंच ठरणार, आणि त्याने कळवलं नाही हे त्याहून वाईट. एकाला वाचवायचं तर दुसरा बुडत होता.

काइनवेनला ते न सांगताच कळलं असावं.

"डिलविनचं कार्ड काढून घेतलंय ना?" तिने विचारलं.

"साहेबांच्या टेबलावर आहे."

"मला वाटलं, कोणीतरी खरंच चोरी केलीय." काइनवेनने फडकं पिळून दोरीवर टाकलं. "तू इथे थांब. चहा उतू जाईल. मी वर जाऊन येते."

"मी येते बरोबर."

"तू कशाला? तुझा काय संबंध?"

आणि नेरिसने अडवायच्या आत ती पडदा सारून निघालीसुद्धा.

६

नेरिस मागोमाग वर पोचली, तेव्हा काइनवेनचं सांगून झालं होतं. डिलविन भिंतीला टेकून उभा होता. त्याने बहुतेक मध्ये बोलायचा प्रयत्न केला असावा, कारण काइनवेन त्याला गप्प राहायला सांगत होती. पार्जेटरसाहेब खिडकीतून टेकडीकडे बघत होते. या खिडकीतून दफनभूमी दिसते.

"चेंडू परत आणता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. ते कोणाला सांगत होते ते कळलं नाही.

"तुम्ही खणणार असाल तर फावडं आयवरकडे आहे," काइनवेन म्हणाली.

साहेबांनी ते कानाआड केलं. त्यांनी डिलविनचं कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं आणि यापुढे झाकण काढून बघत जा, असं बजावलं. मग ते काइनवेनकडे वळले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. कचऱ्यातला समजून घेतला हे मला पटलंय, ते म्हणाले, पण नियम कारण विचारत नाही, आणि बुधवारपासूनचे सगळे खेळ रद्द करून लोकांची माफी मला मागायची आहे. नोकरी जाईल. महिनाअखेरपर्यंतचा पगार मिळेल, तेवढं मी बघतो.

नेरिस मध्ये पडली. इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम केलेली बाई आहे, तिच्याशिवाय काउंटर चालणार नाही, असं बरंच काही ती बोलली. डिलविनही बोलला. साहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मान हलवली.

काइनवेन रडली नाही की भांडली नाही. तिने कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडली, ॲप्रनची घडी घातली आणि तो नेरिसच्या हातात दिला.

"म्हणजे आता मी इथली नोकर नाही?"

"नाही," साहेब म्हणाले.

"या घडीपासून?"

"या घडीपासून."

"मग मला एक पट्टी द्या. दोनच्या खेळाची."

नियमांची सगळी उजळणी पार्जेटरसाहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होती. नोकरी गेलेल्याने खेळू नये, असा नियम कंपनीने केलेला नव्हता. तसं कोणी करेल हे कोणाला वाटलंच नव्हतं. ते हरकत घेत नाहीत हे बघून नेरिसने हाक मारली, रिआननने खालून पट्टी आणली, आणि काइनवेनने रोख पैसे मोजून ती घेतली.

हॉल भरला होता. मॉर्विथच्या टेबलावर पेगी टॅनर आपल्या जागी बसली होती आणि शेजारची मॉर्विथची खुर्ची ती गेल्यापासून कोणी घेतली नव्हती. पेगीने तिथे आपली पिशवी ठेवली होती, रिकामी दिसू नये म्हणून. काइनवेन सरळ तिथवर चालत गेली. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. पेगीने मान वर करून पाहिलं, पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि आपल्याकडचं जादाचं पेन पुढे सरकवलं. काइनवेनने ते घेतलं.

नेरिस ॲप्रन हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. डिलविनचं काम वाचलं होतं, ज्यासाठी ती सकाळपासून धावत होती. तरी तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. चहाच्या काउंटरवर रांग लागली होती आणि तिथे उभं राहायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून तिने ॲप्रन बांधला आणि ती खाली गेली.

रंगमंचावर डिलविन माईकसमोर आला. झाल्या प्रकाराची माफी पार्जेटरसाहेबांनी मागून झाली होती. साहेबांनी आणलेला कोरा संच यंत्रात उसळत होता. त्याने मॉर्विथच्या टेबलाकडे पाहिलं, काइनवेनने पेनाचं झाकण काढेपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने पहिला आकडा पुकारला.

काइनवेनला त्या दुपारी एक ओळसुद्धा लागली नाही. तिचा हात मंदावला होता आणि दोन आकडे तर पेगीनेच तिच्या तिकिटावर मारून दिले. मध्यंतरात ती काउंटरवर आली, नेरिसने दिलेला चहा एक घोट प्यायली आणि म्हणाली, "पाणचट आहे."

मंगळवारी ती पुन्हा आली.